मास्तरांची तीन महिन्यांची सरासरी

मास्तर शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. सत्तावीस वर्षं ते शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसत आले होते. पायाखाली त्यांचा स्वतःचा वेगळा ब्रेक होता आणि तोंडात लोकांच्या सात पिढ्यांचा उद्धार. मन वाईट नव्हतं, पण धीर अजिबात नव्हता. आरशात बघ, आरसा केस विंचरायला नाही लावलेला, असं ते दिवसातून चाळीस वेळा म्हणत आणि चाळिसाव्या वेळी त्यांना वाटे, आपण पालथ्या घड्यावर पाणी ओततोय. तरी त्यांच्या हाताखालचे बहुतेक लोक पहिल्याच परीक्षेत पास होत, म्हणून गाव त्यांच्या शिव्या मुकाट्याने खाई.

सकाळी सातला ते गाडीत बसत ते संध्याकाळी सातला उतरत. मधे उतरायचं ते दोनच कारणांनी, लघवीला नाहीतर चहाला. परीक्षेच्या मैदानाच्या कोपऱ्यावर चहाची टपरी होती. तिथे प्रत्येक शिकवणीनंतर एक चहा, तीन चमचे साखरेचा, म्हणजे दिवसाला आठ-नऊ सहज होत. शिवाय पास झालेला माणूस रिकाम्या हाताने भेटायला येत नाही. कुणी केक आणे, कुणी चॉकलेटचा डबा, कुणी बिस्किटांचे पुडे. गाडीच्या पुढच्या खणात कागदपत्रांपेक्षा खाऊच जास्त सापडायचा. पोट वाढलं तशी सीट एकेक घर मागे सरकत गेली. शेवटी ती मागे टेकली, तेव्हा मास्तर म्हणाले की हल्लीच्या गाड्याच लहान बनवतात.

सगळ्याला सुरुवात झाली ती चष्म्यावरून.

त्रेपन्नाव्या वर्षी मास्तरांना लांबच्या पाट्या धूसर दिसायला लागल्या. चष्मेवाल्याने नंबर काढून नवा चष्मा दिला. महिनाभर छान दिसलं, मग पुन्हा धूसर. मास्तर भांडायला गेले. चष्मेवाल्याने पुन्हा तपासलं तर नंबर खरंच बदललेला. बिचाऱ्याने निम्म्या किमतीत काचा बदलून दिल्या. तीन आठवड्यांनी मास्तर परत दारात उभे, ह्या वेळी आवाज रस्त्यापर्यंत जाईल असा. काचा दुसऱ्या कुणाच्या बसवल्यात, असं त्यांचं ठाम मत होतं. चष्मेवाला त्यांच्याच वयाचा, सोशिक माणूस. त्याने तिसऱ्यांदा डोळे तपासले, नंबर तिसराच निघाला, आणि मग त्याने काचांची पेटी बंद करून बाजूला ठेवली.

"मास्तर, डोळे असे दर महिन्याला मत बदलत नाहीत," तो म्हणाला. "मी आता तुम्हाला चष्मा विकणार नाही. आधी साखर तपासून या."

मास्तरांना अपमान वाटला. हा काचा घासणारा कधीपासून डॉक्टर झाला, असं पुटपुटत ते घरी आले आणि बायकोला सगळी हकिकत सांगितली. अपेक्षा अशी की ती चष्मेवाल्याला चार शब्द ऐकवेल. तिने ऐकवले ते मास्तरांनाच. रात्रीत चार वेळा उठता, उशाशी ठेवलेली पाण्याची बाटली सकाळी रिकामी असते, आणि मी दोन वर्षं सांगतेय तेव्हा तुम्ही कानाडोळा करता. आता परक्या माणसाने सांगितलं तर निदान त्याचं तरी ऐका.

बायको गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापायचं काम करायची. दिवसभर लांबलचक टेबलाशी उभं राहून, कापडाचे थरावर थर रचून, मशीनची पाती फिरवायची. काटकुळी बाई, बोलणं कमी आणि नेमकं. कापड एकदा कापलं की जोडता येत नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं.

आणखी एक गोष्ट होती, तिच्याबद्दल मास्तर बोलत नसत. त्यांचे वडील गोदामावर पहारेकरी होते. त्यांना हाच आजार होता. बुटात खडा गेला तो दिवसभर त्यांना कळलाच नाही, जखम झाली, जखमेकडे दुर्लक्ष झालं आणि शेवटी पाऊल गेलं. शेवटची सहा वर्षं ते खिडकीशी खुर्ची टाकून बसून होते. मास्तर तपासणी टाळत होते ते बेफिकिरीने नव्हे. त्यांना ती खुर्ची दिसायची. पण हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं, आणि तिने ते केव्हाच ओळखलं होतं.

रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई हळू बोलणाऱ्या होत्या, आणि हळू बोलणाऱ्या माणसापुढे मास्तरांचं काही चालत नसे. त्यांनी अहवालातल्या एका आकड्यावर पेन टेकवलं. तीन महिन्यांची सरासरी दहा पूर्णांक चार. साडेसहाच्या पुढे गेलं की मधुमेह म्हणतात, त्या म्हणाल्या, म्हणजे तुम्ही बरेच पुढे निघून आलात. साखर वरखाली झाली की डोळ्यातल्या भिंगाला सूज येते, ती उतरते, पुन्हा येते. म्हणून नंबर नाचत होता. चष्मेवाल्याचे उपकार माना.

मग त्यांनी काय खाता ते विचारलं. मास्तरांनी निम्मं सांगितलं. उरलेलं निम्मं बायकोने सांगितलं. चहा किती, ह्यावरून दोघांची तिथेच जुंपली. मास्तर चारवर अडून बसले आणि बायको नऊवर. डॉक्टरीणबाईंनी दोघांचं संपेपर्यंत हात बांधून ऐकलं, आणि मग दोन गोळ्या लिहून दिल्या. त्या म्हणाल्या की गोळी तिचं काम करील, पण तुमचं काम ती करणार नाही. ताटात निम्मी भाजी, पाव ताट डाळ, अंडं किंवा मासा असं काहीतरी, आणि उरलेल्या चौथ्या हिश्शातच भात नाहीतर पाव. जेवल्यावर पंधरा मिनिटं चालायचं. रोज पायांचे तळवे बघायचे. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा. सगळं एका दिवसात बदलायला जाऊ नका, कुणाला जमत नाही. आधी चहातली साखर आणि जेवणानंतरचं चालणं, एवढंच धरा.

बातमी बाहेर पडायला दोन दिवस पुरले, आणि गावातला प्रत्येक माणूस वैद्य झाला. टपरीवाल्याने कसल्या तरी बिया भिजवून प्यायला सांगितल्या. शेजारच्या घरातून कडू पाल्याच्या रसाची बाटली आली. एका शिकाऊ मुलीच्या काकांची साखर म्हणे फक्त फळं खाऊन गेली होती, आणि दुसऱ्याच्या मामांची फळं सोडून. मास्तरांच्या थोरल्या बहिणीने फोनवर पाऊण तास घेतला आणि शेवटी सांगितलं की गोळ्या मात्र घेऊ नकोस, सवय लागते. आधीच डोक्याला ताप, त्यात हे सगळे शहाणे. मास्तर वैतागत, पण प्रत्येकाचं ऐकून घेत. बायकोच्या लक्षात आलं की जे उपाय प्यायचे असतात ते सगळे त्यांना पटतात, आणि ज्यात चालायचं असतं तो एकही पटत नाही.

तरी नव्याचे नऊ दिवस बरे गेले. चहा बिनसाखरेचा झाला. मास्तर तो औषधासारखा गिळत आणि टपरीवाल्याकडे अशा नजरेने बघत की जणू त्यानेच हा आजार आणला. मग हळूहळू, ये रे माझ्या मागल्या. साखर नको तर मध, कारण मध निसर्गाचा. बाजारात मधुमेहींसाठी म्हणून खास बिस्किटं मिळतात असं कळल्यावर ती आली, आणि खास आहेत म्हणून एका बैठकीत अख्खा पुडा संपायला लागला. रस्त्यात थंड पेयाऐवजी फळांचा रस, मोठा पेला. संध्याकाळी जेवून झालं की गुडघा दुखे. तो बरोबर जेवणानंतरच्या पंधरा मिनिटांतच दुखे. बायको एकदा म्हणाली की तुमचा गुडघा घड्याळ बघतो वाटतं. पण बहुतेक वेळा ती नुसती बघायची आणि ताटं उचलायची. हात टेकले होते तिने.

दुसऱ्या तपासणीचा दिवस जवळ आला तशी मास्तरांनी युक्ती काढली. आदल्या दिवशी रात्री जेवायचं नाही आणि सकाळीही पोटात काही घालायचं नाही. गोळ्या मात्र घेतल्या. गोळ्यांनीच साखर उतरते म्हटल्यावर जास्त उतरली तर चांगलंच की. दुपारी रक्त द्यायला जायचं, तोवर दोन शिकवण्या उरकून टाकू, असा बेत.

दुसरी शिकवणी फुलांच्या दुकानातल्या बाईंची होती. चाळिशीच्या ह्या बाई दुकानाची गाडी चालवता यावी म्हणून शिकत होत्या, आणि गेले दोन महिने मास्तरांचा सगळ्यात जास्त जाळ त्यांनीच सोसला होता. गाडी थांबवताना त्या इतका विचार करत की मागचे सगळे भोंगे वाजवायला लागत. त्या दिवशी मोठ्या चौकाच्या अलीकडे मास्तर एकदम गप्प झाले. बाईंना आधी तेच विचित्र वाटलं. वळून बघतात तो मास्तर घामाने निथळलेले, हात थरथरतायत, आणि काहीतरी बोलायला जातायत ते जिभेवरच अडखळतंय. पाय त्यांच्या वेगळ्या ब्रेकवर होता, पण त्यात जोर नव्हता.

बाईंनी आरशात पाहिलं, बाजूचा दिवा लावला, गाडी सावकाश कडेला घेतली आणि उभी केली. तेही रस्त्याच्या कडेपासून बरोबर वीतभर अंतरावर. त्यांच्या सासऱ्यांना हा त्रास होता म्हणून त्या ओळखून होत्या. गाडीच्या खणातला कुठल्यातरी पास झालेल्याचा फळरसाचा डबा त्यांनी फोडला आणि मास्तरांच्या तोंडाला लावला. दहा-पंधरा मिनिटांनी मास्तर माणसांत आले. पहिल्यांदा त्यांनी बाहेर डोकावून चाक बघितलं आणि गाडी बरोबर लावल्याचं मान्य केलं. वर्दळीचा चौक होता. समोरून शाळा सुटत होती. बाईंच्या जागी पहिल्या आठवड्यातला कुणी असता तर काय झालं असतं, ते त्यांच्या डोक्यातून जाईना.

डॉक्टरीणबाई त्या दिवशीही हळूच बोलल्या, पण त्यांच्या कपाळाची शीर दिसत होती. गोळी घेऊन उपाशी राहायचं नसतं, त्यातून तुम्ही गाडीत बसणारे. साखर वर जाणं वाईटच, पण अशी एकदम खाली जाणं त्या घटकेला जास्त वाईट. मग त्यांनी दुपारी दिलेल्या रक्ताचा अहवाल उघडला. सरासरी नऊ पूर्णांक आठ.

मास्तर म्हणाले की हे कसं शक्य आहे, कालपासून अन्नाचा कण नाही पोटात.

"मास्तर, ही सरासरी तीन महिन्यांची असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "परीक्षेच्या दिवशी नीट चालवून तीन महिन्यांचं चालवणं लपत नाही. हे तुम्हीच लोकांना सांगता ना?"

मास्तर हे रोज सांगत. बायकोच्या चेहऱ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

उठता उठता डॉक्टरीणबाईंनी बायकोला विचारलं, तुमची कधी तपासली का? बायकोने हात झटकला. मला काय होतंय, अंगावर मांस नाही, दिवसभर पायांवर उभी असते. बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं की बाळंतपणाच्या वेळी साखर वाढली होती का. बायको थबकली. लेकीच्या वेळी वाढली होती. बाळ झाल्यावर उतरली. तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं की दर एक-दोन वर्षांनी तपासत राहा. सत्तावीस वर्षं झाली त्याला. लेकीचं आजारपण, शाळा, कारखाना, सासऱ्यांचं पाऊल, ह्या सगळ्यात ते वाक्य कुठल्या कुठे गेलं होतं.

चार दिवसांनी तिचा अहवाल आला. सहा पूर्णांक एक. अजून आजार नाही, पण उंबऱ्याशी आलाय, डॉक्टरीणबाईंनी समजावलं. इथून मागे फिरता येतं, बहुतेकांना येतं, फक्त आत्ता फिरावं लागतं. त्यांनी तिलाही विचारलं की काय खाता, कधी खाता. मास्तर पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकत होते. दुपारी टेबलाशी उभ्या उभ्या पाव आणि चहा. रात्री मास्तरांचं झाल्यावर, ओटा आवरता आवरता, पातेल्यात उरलेला भात. टाकवत नाही म्हणून मास्तरांच्या ताटातलं उरलेलं. झोप पाच तास. शिकाऊंच्या शेजारी बसून सत्तावीस वर्षं त्यांच्या चुका टिपणाऱ्या माणसाला ह्यातलं काहीही माहीत नव्हतं.

परतताना बायको बसथांब्याच्या बाकावर बसली आणि उठेचना. दोन बस गेल्या. मास्तर म्हणाले, अगं चल, सहा पूर्णांक एक म्हणजे काहीच नाही, माझा आकडा बघ. तेव्हा ती बोलली. आवाज चढवला नाही.

"दोन वर्षं मी तुमच्या चहातले चमचे मोजतेय. माझं मोजायला कोण होतं?"

मास्तरांना आयुष्यात पुष्कळ लोक पुष्कळ बोलले होते, तेही परीक्षेत नापास झालेले. पण एवढं कधी लागलं नव्हतं. तिसऱ्या बसमध्ये दोघं शेजारी बसून घरी आली.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी बायकोची काळजी घ्यायला सुरुवात केली, आणि त्यांची काळजी म्हणजे त्यांचं शिकवणंच. दुपारी एक वाजता ते कारखान्यात फोन करत, बसून जेवलीस का. रात्री तिच्या ताटाकडे डोळ्यांत तेल घालून बघत. साडेदहाला दिवा मालवून टाकत, ती अर्धी भांडी हातात घेऊन अंधारात उभी. भात किती घेतलास, भाजी कुठेय, ही काय पद्धत आहे. आठवड्याने तिने मुकादमाला सांगून टाकलं की ह्यांचा फोन आला तर मी कापतेय म्हणून सांगा.

शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर मास्तरांनी तिला सुनावलं की पंधरा मिनिटं चालायला सांगितलंय, तू जरा स्वतःकडे बघ. बायकोने ओला हात पदराला पुसला.

"आता कळतंय का, कुणी असं दिवसरात्र मागे लागलं की कसं वाटतं?" ती म्हणाली. "मला सांगू नका. यायचं असेल तर चला."

आणि ती चपला घालून बाहेर पडलीसुद्धा. मास्तरांचा गुडघा नेहमीच्या वेळी दुखायला लागला होता, पण ती कोपऱ्यापर्यंत गेली तसे तेही निघाले.

घरापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन यायचं, एवढंच अंतर. पहिल्या दिवशी औषधांच्या दुकानापाशीच मास्तरांना धाप लागली. बायको भराभर चालणारी, तिला थांबून थांबून वीट आला. मग भांडण झालं. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या गळक्या नळावरून झालं, तिसऱ्या दिवशी थोरल्या बहिणीच्या फोनवरून, चौथ्या दिवशी चौदा वर्षांपूर्वी विकून टाकलेल्या कपाटावरून. इतक्या वर्षांत दोघांना एकमेकांशी भांडायला सलग अर्धा तास कधी मिळाला नव्हता. मास्तरांच्या ध्यानात आलं की धाप लागलेली असताना भांडण जिंकता येत नाही. त्यासाठी तरी दम वाढवायला हवा, असं त्यांनी मनाशी ठरवलं. दीड महिन्यात ते टाकीपर्यंत न थांबता जायला लागले. कपाटाचा मुद्दा मात्र तरीही तिनेच जिंकला.

घरात मोठं असं काही बदललं नाही. ताटं तीच, फक्त भाजी आधी वाढली जाऊ लागली आणि भात शेवटी, वाटीने मोजून. बायको त्यांच्याबरोबर बसून जेवू लागली. उरलेलं खायचं नाही, डब्यात भरून ठेवायचं, असा नियम मास्तरांनी केला आणि पहिल्याच आठवड्यात स्वतःच मोडला. चहा तीनवर आला. गाडीतला खण रिकामा करून त्यात उकडलेली अंडी आणि भाजलेले दाणे आले, आणि साखरेच्या चार वड्या, साखर खाली गेलीच तर म्हणून. प्रत्येक शिकवणीनंतर ते गाडीतून उतरून मैदानाला एक फेरी मारत. पुढचा शिकाऊ ताटकळत उभा राही आणि वैतागे. त्याचं मास्तरांना फार बरं वाटे.

पास झाल्यावर गोड आणू नका, अशी पाटी त्यांनी गाडीच्या काचेला चिकटवली. लोक समजूतदार, त्यांनी फळांच्या टोपल्या आणायला सुरुवात केली. एका आठवड्यात दोन डझन केळी जमली. मास्तरांनी पाटीत फळांची भर घातली. फुलांच्या दुकानातल्या बाई पास झाल्या तेव्हा त्यांनी फुलंच आणली. ती मात्र मास्तरांनी घेतली, आणि घरी नेऊन बायकोला दिली. कुठून आली ते तिला सांगितलं नाही. तिने दुकानाची चिठ्ठी देठाला अडकलेली बघितली आणि फुलं पाण्यात ठेवली.

सगळं सरळ रेषेत झालं असंही नाही. पाचव्या महिन्यात पुतण्याचं लग्न निघालं. तीन दिवस खाणं, जागरणं, आग्रह. मास्तरांनी पहिल्या दिवशी नाही नाही म्हटलं, दुसऱ्या दिवशी चव बघितली आणि तिसऱ्या दिवशी त्यांना आवरायला कुणी उरलं नाही. परत आल्यावर घरच्या यंत्रावर बोट टोचून बघितलं तर आकडा दोनशे साठ. त्यांनी यंत्र टेबलावर आपटलं. पाच महिने झक मारली, ते म्हणाले, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, माझ्याने हे होणार नाही. संध्याकाळी चालायला गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही अंथरुणात पडून राहिले. बायकोने समजूत घातली नाही. तिने चपला आणून पलंगाशी ठेवल्या.

"परवा घसरलात म्हणून आज लोळत पडायचं कारण नाही," एवढं बोलून ती जिना उतरून गेली.

ते गेले. रागातच गेले, पण गेले.

सहा महिन्यांनी सरासरी आठ पूर्णांक एक आली, नऊ महिन्यांनी सात पूर्णांक दोन. वजन आठ किलो उतरलं. डोळ्यांचा पडदा शाबूत होता. नजर स्थिर झाल्यावर चष्मेवाल्याने शेवटचा नंबर काढला आणि ह्या वेळी पूर्ण किंमत घेतली. मास्तरांनी ती न कुरकुरता दिली. डॉक्टरीणबाईंनी, जिच्यामुळे साखर एकदम खाली गेली होती ती गोळी बंद केली, दुसरी चालू ठेवली. मास्तरांना वाटलं होतं की आता दोन्ही सुटतील, निदान शाबासकी तरी मिळेल. बाईंनी पुढच्या तपासणीची तारीख दिली. बायकोची सरासरी पाच पूर्णांक सहावर आली होती. तिलाही त्यांनी तेच सांगितलं, दरवर्षी तपासायचं, पुन्हा सत्तावीस वर्षं लावायची नाहीत. बाहेर पडल्यावर मास्तर म्हणाले की ही बाई कधी म्हणून खूश होत नाही. बायको म्हणाली, तुमच्यासारखीच आहे.

त्याच सुमारास लेक चार दिवसांसाठी घरी आली. सत्तावीसची पोरगी, दुसऱ्या शहरात कंपनीच्या कामाला. दिवसाचे दहा तास संगणकापुढे आणि उरलेले फोनपुढे. पहिल्या दिवशी ती दुपारी एकला उठली, पलंगावरच बसून नाश्ता केला, आणि जोडीला बाजारातून मागवलेली थंड पेयाची मोठी बाटली. मास्तर दारात उभे राहून बघत होते. बायको त्यांच्या मागे उभी होती.

दोघांनी जेवताना विषय काढला. तुझे आजोबा, तुझा बाप, आणि तू पोटात असताना तुझी आई. आता तुझी एकदा तपासून घेऊ. लेक हसली. मी सत्तावीसची आहे बाबा, हे म्हातारपणाचे आजार, तुम्ही दोघांनी आता हेच एक खूळ डोक्यात घेतलंय. संध्याकाळी तिला चालायला नेलं तर ती टाकीपर्यंत फोनमध्ये बघत आली आणि परत येताना रिक्षा करूया म्हणाली. मास्तरांनी तोंड उघडलं. बायकोने त्यांचा दंड धरला, म्हणून ते गप्प राहिले. पण घरी आल्यावर पाहतात तर बायकोच लेकीला बोलत होती, तेही थांबायचं नाव न घेता.

लेकीने जाताना कबूल केलं की तिकडे गेल्यावर नक्की तपासून घेते. ह्याला आता अडीच महिने झाले. दर रविवारी फोन होतो. एका रविवारी कामाचा ताण असतो, एका रविवारी ती प्रयोगशाळा लांब असते, एका रविवारी उपाशीपोटी जायचं विसरून नाश्ता केलेला असतो. परवाच्या रविवारी ती म्हणाली, बाबा, तुम्ही ना डोक्याला ताप आहात. मास्तरांनी फोन बायकोकडे दिला आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. आतून बायकोचा आवाज येत होता. त्यांच्या नाकी नऊ आले होते, आणि तरी का कोण जाणे, त्यांना ओशाळल्यासारखं वाटत होतं. दोन वर्षं त्या बाईने हे एकटीने केलं होतं, आणि समोर ते स्वतः होते.

ती बाल्कनीत आली तेव्हा त्यांनी विचारलं, काय म्हणते. पुढच्या आठवड्यात, बायको म्हणाली, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मास्तरांनी येत्या गुरुवारच्या सगळ्या शिकवण्या पुढे ढकलल्या आहेत. बायकोने कारखान्यात रजा टाकली आहे. पहाटे पाचला निघायचं, म्हणजे लेकीचा नाश्ता व्हायच्या आत तिच्या दारात पोहोचता येईल. मास्तरांनी गाडीत हवा भरून घेतली, बायकोने डबा ठरवला. वाटेत दर तासाला उतरून दहा मिनिटं चालायचं, की दोन तासांनी वीस, ह्यावरून दोघांचं कालपासून भांडण चालू आहे. लेकीला अजून कळवलेलं नाही.